गोव्यात चार दिवस मित्रांसोबत: कॅसिनोची रात्र कुठे बसवायची आणि कशी

आमच्या ग्रुपमध्ये बुकिंग आणि हिशेब ही दोन्ही कामं गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहेत. त्यामुळे गोव्याला निघालेले ओळखीतले लोक आधी मला फोन करतात, आणि परत आल्यावर रडायलाही मलाच फोन करतात. रडगाणं बहुतेक वेळा एकच असतं. रात्रभर गाडी हाणून सकाळी पोचले, बॅगा टाकल्या, दुपारी बिअर झाली आणि "आज पहिलाच दिवस आहे, जाऊ या" म्हणत त्याच संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावर, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर जायच्या रांगेत उभे राहिले. पहाटे तीनला परत. दुसरा दिवस झोपेत गेला आणि तिसरा "तुझ्याकडे माझे साडेचार हजार आहेत" या वादात. गोवा बघायचा राहिलाच.

कॅसिनोत हरण्याइतकंच नुकसान कॅसिनोच्या आधी आणि नंतर होतं, तेही चुकीच्या दिवशी, चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या खिशातून पैसे काढल्यामुळे. म्हणून खाली सगळं क्रमानेच लिहिलंय. मधला टप्पा गाळू नका.

## टप्पा १ : माणसं आणि तारीख पक्की करा

चार ते सहा जण बरे. सातवा आला की दुसरी गाडी लागते, आणि दोन गाड्या झाल्या की दिवसातला एक तास एकमेकांची वाट बघण्यात जातो.

तिकिटं काढण्याआधी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा.

एक, वय. कॅसिनोत खेळायला एकवीस पूर्ण लागतात. कुणाचा धाकटा भाऊ किंवा भाचा सोबत येणार असेल तर त्या रात्री त्याचं काय करायचं, हे आत्ताच ठरवा. "तिथे बघू" चालत नाही. धक्क्यावर आधार कार्ड बघतात.

दोन, रहिवास. मडगावला किंवा म्हापशाला राहणारा तुमचा जुना रूममेट उत्साहाने "मीपण येतो" म्हणेल. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोच्या खेळाच्या भागात प्रवेश नाही, तो पर्यटकांपुरताच आहे. त्या मित्राला जेवायला बोलवा, धक्क्यावर नको.

तीन, इच्छा. सहातल्या दोघांना जुगारात रस नसतो, पण ते भिडेपोटी बोलत नाहीत. त्यांना स्पष्ट विचारा. न खेळणाऱ्याने प्रवेशाचे पैसे भरून चार तास बुफेच्या टेबलाशी बसणं ही शिक्षा आहे. त्या दोघांना पणजीत छान संध्याकाळ काढता येते, ते पुढे सांगतो.

तारखेचं म्हणाल तर नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सोडून द्या. शुक्रवार ते रविवार कॅसिनोचं प्रवेश पॅकेज महाग असतं आणि टेबलावरची किमान बोलीही (एका डावाला लावायची सगळ्यात कमी रक्कम) चढलेली असते. त्यामुळे कॅसिनोची रात्र सोमवार ते गुरुवारमध्ये पडेल अशी सहल आखा. बुधवारी पोचून शनिवारी निघणं हा आमचा आवडता हिशेब आहे. तीन दिवसांची रजा जाते, पण खोलीपासून टॅक्सीपर्यंत सगळ्यातच फरक पडतो.

पावसाळ्यात गोवा हिरवागार आणि स्वस्त असतो, पण दूधसागरच्या जीप बंद असतात, समुद्रात उतरायचं नसतं आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं. हे चालणार असेल तर खुशाल जा.

सावध: ग्रुपमध्ये कुणावर कर्ज असेल, किंवा एखाद्याला पत्त्यांचा, मोबाइलवरच्या सट्ट्याचा नाद लागून सुटला असेल, तर या सहलीतून कॅसिनो वगळा. त्याला एकट्याला हॉटेलवर ठेवून तुम्ही जाणं हा उपाय नव्हे. फेरीबोट, किल्ले, मासे यांवर चार दिवस आरामात जातात.

## टप्पा २ : पैशांच्या दोन थैल्या करा

हाच टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली थैली सामाईक. प्रवास, खोली, गाडी, पेट्रोल, जेवण, प्रवेश फी. निघायच्या आठवडाभर आधी कॉन्ट्री काढा आणि ती एकाच्याच खात्यात जमा करा. खर्च तोच करणार, रोज रात्री ग्रुपवर आकडा टाकणार.

दुसरी थैली खेळण्याची, आणि ती ज्याची त्याची. सामाईक थैलीतला एक रुपयाही तिच्यात जाता कामा नये. "सगळ्यांचे मिळून दहा हजार लावू, जिंकलो तर वाटून घेऊ" ही कल्पना ऐकायला गोड असते. आम्ही एकदा करून बघितली. एकाने दोघांना न विचारता रूलेटच्या एका आकड्यावर तीन हजार ठेवले, चाकावरचा चेंडू शेजारच्या खणात पडला, आणि पुढचे दोन दिवस गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

खेळण्याची थैली किती मोठी असावी? जी रक्कम पूर्ण गेली तरी सहल आणि पुढचा महिना जसाच्या तसा राहील, तेवढीच. नाटकाचं तिकीट काढताना आपण पैसे परत येतील अशी आशा धरत नाही, तसं बघा.

आता कर समजून घ्या, कारण तो न समजता गेलेला माणूस काउंटरवरच चिडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. तो प्रवेशावर लागतो आणि खेळायच्या चिप्स (टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या) विकत घेताना पूर्ण रकमेवरही लागतो. नुसत्या जिंकण्यावर किंवा हरण्यावर नाही, सुरुवातीलाच. दहा हजारांच्या चिप्सवर कर वरून लावला तर खिशातून चौदा हजार जातात. दहा हजारांतच कर धरला तर हातात साधारण ७,१४० रुपयांच्या चिप्स येतात. ऑफर आणि सवलती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारा: "मी दहा हजार दिले तर माझ्या हातात किती रुपयांच्या चिप्स येतील, आणि त्यातल्या किती परत करून रोख मिळेल?" या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळेपर्यंत पैसे काढू नका.

यातून दोन नियम निघतात. न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी त्यांवर भरलेला कर परत येत नाही. म्हणून सगळी थैली एकदम चिप्समध्ये बदलू नका, लागतील तशा थोड्या थोड्या घ्या. आणि जिंकलेल्या चिप्स रोख न करता पुढे खेळल्या तर त्यांवर पुन्हा कर बसत नाही. म्हणून जेवायला उठताना चिप्स परत करून, जेवून पुन्हा विकत घ्यायचा उद्योग करू नका. घ्यायच्या तुकड्यातुकड्याने, परत करायच्या एकदाच, निघताना.

तपासा: प्रत्येकाची खेळण्याची रक्कम रोख, पाकिटात, वेगळी. क्रेडिट कार्ड आणि एटीएम कार्ड त्या रात्री खोलीतल्या तिजोरीत. फोनवरच्या यूपीआयची रोजची मर्यादा निघायच्या आदल्या दिवशीच कमी करून ठेवा. रात्री एक वाजता, दोन पेग झाल्यावर, हे कुणाला सुचत नाही.

## टप्पा ३ : प्रवास आणि मुक्काम

कॅसिनोकडे नेणारी बोट पणजीतून सुटते हे लक्षात ठेवून उतरायचं ठिकाण निवडा.

रेल्वेने येत असाल तर पणजीला जवळचं स्टेशन करमळी, जुन्या गोव्याला लागून. मडगावचं तिकीट काढून उलटं वर येणारे लोक दर वेळी भेटतात. मात्र सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत. मुंबईची वंदे भारत घेतलीत तर थिवीला उतरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या लवकर भरतात. कोकणकन्या रात्री निघून सकाळी पोचवते, खोलीचं एक भाडं वाचतं. मांडवी एक्स्प्रेसने दिवसा येणारे मुख्यतः खाण्यासाठी येतात, आणि त्यात काही चूक नाही.

विमानाचं तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचा. गोव्यात दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळचा दाबोळी आणि पेडणे तालुक्यातला मोपा. मुक्काम मोरजी-हरमलकडे असेल तर मोपा, दक्षिण गोव्यात असेल तर दाबोळी. पणजीला दोन्हीकडून साधारण तासाभराचा हिशेब धरा. दोघांची तिकिटं एका विमानतळाची आणि तिघांची दुसऱ्याची, असंही मी बघितलंय.

पुण्याहून गाडी नेणार असाल तर निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा हा रस्ता सोयीचा. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोली घाटात धबधब्यापाशी गाड्यांची जत्रा असते, तो दिवस टाळा.

मुक्कामात सगळ्यांची फसगत होते ती अशी: सगळ्याच रात्री कळंगुट-बागाकडे खोली, आणि कॅसिनो पणजीत. पहाटे दोनला पेंगत पंधरा किलोमीटर. त्यापेक्षा मुक्काम दोन भागांत करा. पहिल्या दोन रात्री पणजीत, फोंताइन्हास, मळा किंवा पाटो भागात, जिथून धक्का चालत किंवा पाच मिनिटांच्या टॅक्सीवर आहे. नंतरच्या रात्री समुद्राकाठी.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्सचं ॲप आधीच फोनवर घेऊन ठेवा, किंवा हॉटेलवाल्याकडून एखाद्या टॅक्सीवाल्याचा नंबर घ्या. गाडी किंवा स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तरच ती भाड्याची अधिकृत गाडी. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी, पोलिसांनी अडवलं तर दंड तुमचा. हेल्मेट मागच्यालाही लागतं.

तपासा: खोलीच्या बुकिंगवर सगळ्यांची नावं, चेक-इनची वेळ, आणि कॅसिनोच्या दुसऱ्या दिवशी उशिरा चेक-आउट मिळेल का हे लेखी.

## टप्पा ४ : दिवस कसे लावायचे

नियम एकच. कॅसिनो दुसऱ्या रात्री. पहिल्या रात्री नाही, कारण प्रवासाचा शीण असतो. शेवटच्या रात्री नाही, कारण दुसऱ्या दिवशी गाडी किंवा विमान पकडायचं असतं, आणि शेवटच्या रात्री हरलेला माणूस "आता परत कधी येणार" म्हणत थैलीबाहेर हात घालतो.

पहिला दिवस, पणजी. दुपारी पोचा, झोपा. चारनंतर फोंताइन्हासच्या गल्ल्या पायी. इथे लोक राहतात. त्यांच्या दारात, त्यांच्या पायरीवर बसून तासभर फोटो काढू नका, गल्लीत तशा पाट्याही लागल्यात. मग चर्च स्क्वेअर, पायऱ्यांवरून खाली दिसणारं पणजी, आणि अंधार पडल्यावर दयानंद बांदोडकर मार्गाने मांडवीकाठी एक फेरी. बोटींचे दिवे पाण्यात बघून घ्या, धक्का कुठे आहे, रांग कुठे लागते तेही बघा. उद्या शोधाशोध होणार नाही. रात्री जेवून अकराला झोप.

दुसरा दिवस, जुना गोवा आणि दिवाडी. सकाळी कॅफेत पातळ भाजी, पाव आणि मिरची. नऊला जुन्या गोव्यात पोचा. बॉम जीझसची बॅसिलिका, समोर से कॅथेड्रल, मग पाच मिनिटं चालून सेंट ऑगस्टिनचा उरलेला बुरुज. बॅसिलिका सगळे बघतात, बुरुजाकडे फारसं कुणी जात नाही. माझ्या मते जुन्या गोव्यातली सगळ्यात सुंदर जागा तीच: लाल जांभ्याचा चार मजली तुकडा आणि भोवती नुसते चौथरे. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, नाहीतर दारातून परत पाठवतील. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा हिंडत बसू नये.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट फेरीबोटीच्या धक्क्याकडे जा आणि दिवाडी बेटावर उतरा. पायी जाणाऱ्याला फेरीबोट फुकट. बेटावर बघायचं असं थोडंच आहे: पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, भातशेतं, बंद खिडक्यांची मोठी घरं. दोन तास पुरे. अडीचपर्यंत पणजीत परत, जेवा आणि झोपा. ही दुपारची झोप कार्यक्रमाचा भाग आहे, ती गाळलीत तर रात्री अकराला डोळे मिटतात आणि मिटलेल्या डोळ्यांनी माणूस भलतीकडे पैसे ठेवतो.

संध्याकाळी कॅसिनो.

ज्यांना खेळायचं नाही त्यांनी दुपारनंतर मांडवीपलीकडे रेइश मागूशच्या किल्ल्यावर जावं. किल्ला संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून चारच्या आत पोचा. तटावरून पणजी समोर आणि कॅसिनोच्या बोटी खाली नांगरलेल्या दिसतात. मग पणजीत येऊन निवांत जेवण.

तिसरा दिवस, हलका. अकरापर्यंत कुणाला उठवू नका. दुपारी समुद्राकाठच्या मुक्कामावर जा. वाटेत फार तर एक थांबा, आग्वाद किंवा शापोराचा किल्ला. दूधसागर या दिवशी अजिबात नको. कुळेला सकाळी लवकर पोचून जीपच्या रांगेत उभं राहावं लागतं, सबंध दिवस जातो, आणि जाग्रण झालेल्या पोटाला तो रस्ता सोसत नाही. दूधसागर करायचाच असेल तर सहल पाच दिवसांची करा आणि त्याला चौथा दिवस द्या. त्याच अंगाला तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ आहे, गाडी स्वतःची असेल तर सोडू नका.

चौथा दिवस. सकाळी समुद्र, लाल झेंडा असेल तर पाण्याबाहेरूनच. परतीच्या वेळेप्रमाणे मंगेशी किंवा शांतादुर्गा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांचं कुलदैवत इथलंच असतं, ग्रुपमधला एखादा आईचा नारळ घेऊन आलेला असतोच. त्याचा वेळ धरा.

## टप्पा ५ : कॅसिनोच्या संध्याकाळची तयारी

सहा वाजता खोलीत सगळ्यांची हजेरी घ्या आणि खालच्या गोष्टी बघा.

ओळखपत्र मूळ. आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. फोनमधला फोटो धरून चालू नका. मोठ्या रकमेचे व्यवहार करणार असाल तर पॅन कार्डही मागतात.

कपडे. फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट. हाफ पँट आणि स्लिपर हा गोव्याचा गणवेश धक्क्यावर चालत नाही. आमच्यातला एक जण फुलाफुलांची चड्डी घालून रांगेत उभा होता. आमचा नंबर आला तेव्हा त्याला बाजूला केलं, आणि मग पणजीच्या बाजारात रात्री आठ वाजता पँट शोधायची मोहीम निघाली. पँट सापडली, दोन इंच आखूड होती.

पॅकेज वाचा. प्रवेशाच्या पैशांत साधारणपणे बुफे, काही पेय आणि काही रकमेच्या चिप्स येतात. त्या फुकटच्या चिप्स बहुतेक वेळा "वन टाइम प्ले" असतात, धक्क्यावर त्यांना ओटीपी म्हणतात. बँकेच्या ओटीपीशी त्यांचा काही संबंध नाही. ती चिप एकदा लावायची. हरलात तर गेली, जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते, पण ओटीपीची चिप काउंटरवर देऊन रोख मिळत नाही. "दोन हजारांच्या चिप्स फुकट" या वाक्यातले दोन हजार म्हणजे खिशातले दोन हजार नव्हेत.

बाहेर रस्त्यावर "सर, डिस्काउंट" म्हणत पास विकणारे भेटतात. कॅसिनोच्या स्वतःच्या काउंटरवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावरच घ्या.

पोटात काहीतरी घालून जा. बुफे असतो, पण रांग संपून, बोटीत बसून, नोंदणी होऊन ताटापर्यंत पोचायला दीड तास सहज जातो. उपाशी पोटी पहिला पेग हीच रात्रीची पहिली चूक.

सावध: उठायची वेळ आत्ताच ठरवा. आम्ही साडेबारा ठरवतो, एकाच्या फोनला गजर लावतो, आणि तो फोन कमी पिणाऱ्याच्या खिशात देतो.

## टप्पा ६ : आत गेल्यावर, या क्रमाने

छोटी बोट तुम्हाला मोठ्या बोटीपर्यंत सोडते. पाच-दहा मिनिटांचा प्रवास. आत पाऊल टाकलं की गार हवा, गाणी, घड्याळ कुठे दिसत नाही. इथे घाई करणारा हरतो.

आधी फिरा. पहिला अर्धा तास एकही चिप घेऊ नका. सगळे मजले बघा, जेवण कुठे, शौचालय कुठे, परतीची बोट कुठून. प्रत्येक टेबलावर किमान बोलीची पाटी असते, ती वाचा.

मग जेवा. बुफेला गर्दी व्हायच्या आत.

मग एक खेळ निवडा. एकच. रात्रभर या टेबलावरून त्या टेबलावर उड्या मारणारा कुठलाच खेळ शिकत नाही.

रूलेट सोपं आहे, फिरत्या चाकावरचा चेंडू कुठल्या आकड्यावर थांबेल यावर लावायचं, पण चाकाकडे नीट बघा. एकच शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा (लावलेल्या पैशांतून सरासरीने कॅसिनोकडे जाणारा हिस्सा) २.७ टक्के, दोन शून्यं असतील तर ५.२६ टक्के. दोन शून्यांच्या चाकावर पाचशेची बोली आणि तासाला चाळीस फेऱ्या धरल्या तर वीस हजारांची उलाढाल होते आणि सरासरीने तासाला हजार-अकराशे रुपये जातात. एखाद्या रात्री जिंकाल, एखाद्या रात्री दुप्पट घालवाल, पण हिशेब असा आहे. यावरून आपली थैली किती तास पुरेल ते काढा. आधीच्या आकड्यांची यादी खांबावर लावलेली असते. ती चाकाला माहीत नसते.

बॅकरॅट हा पत्त्यांचा खेळ, दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर लावायचं. त्यात "बँकर" किंवा "प्लेअर"वर लावलं तर कॅसिनोचा वाटा एक-सव्वा टक्का. "टाय"वर, म्हणजे बरोबरीवर, आठपट मिळतात म्हणून लोक भुलतात, तिथे तोच वाटा चौदा टक्क्यांच्या वर जातो. टायला हात लावू नका.

अंदर-बाहर आपल्या ओळखीचा, कुणालाही जमतो. तीन पत्तीबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाका. घरी दिवाळीत खेळतो ती तीन पत्ती वेगळी: ब्लाइंड, चाल, समोरच्याचा चेहरा बघून दम देणं. इथे तुम्ही डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या, पत्त्यांविरुद्ध खेळता. डीलर घाबरत नाही. तुमची थाप ऐकायला समोर कुणी नसतं.

स्लॉट मशिनवर पैसे सगळ्यात गुपचूप जातात, कारण हातात चिप नसते, नुसतं बटण असतं.

मग चिप्स. थैलीचे तीन भाग करा आणि एका भागाच्याच घ्या, त्याहून जास्त नको. नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. तो त्या पसरून मोजतो, वरच्या कॅमेऱ्याला दिसाव्यात म्हणून. डीलर पाळी बदलून उठताना रिकामे तळवे उलटसुलट करून दाखवतो, तेही त्यासाठीच. "आता बोली बंद" म्हटल्यावर चिपला हात लावू नका. टेबलावर फोन नाही, फोटो नाही. सेल्फीच्या नादात दोन दणकट माणसं शेजारी येऊन उभी राहतात.

सावध: मित्राला चिप्स उसन्या देणं-घेणं बंद. ही अट निघण्याआधी सगळ्यांनी कबूल केलेली असावी. थैली संपली की माणूस प्रेक्षक. बारपाशी बसा, गाणं ऐका, डेकवर जाऊन मांडवीचा वारा खा. खरं सांगायचं तर रात्रीतला सगळ्यात चांगला अर्धा तास आम्हाला डेकवरच मिळाला, चौघेही रिकाम्या खिशाने.

तपासा, दर तासाने: हातात किती, थैलीत किती. थैलीचा पहिला भाग संपला तर वीस मिनिटं टेबल सोडा. थैली दुप्पट झाली तर मूळ रकमेच्या चिप्स शर्टाच्या खिशात टाका आणि खिशाचं बटण लावा. ती रक्कम आता खेळात नाही.

## टप्पा ७ : उठणं आणि परतणं

गजर वाजला की नवीन डाव नाही. "हा शेवटचा" या शब्दांना मुदत नसते.

चिप्स परत करायच्या काउंटरला एकच्या सुमारास रांग असते, परतीच्या बोटीला वेगळी. दोन्हींचे मिळून अर्धा-पाऊण तास धरा. पावती घ्या आणि पाकिटात ठेवा. खिशात शंभराची एखादी चिप राहून जाते आणि पुण्यात धुलाईच्या वेळी सापडते, म्हणून बोटीत बसण्याआधी खिसे उलटे करून बघा.

रोख रक्कम धक्क्यावर मोजायची नाही. ज्याने प्यायलंय त्याने गाडीला हात लावायचा नाही, स्कूटरलाही नाही. पणजीत मुक्काम घेतला असेल तर हा प्रश्नच येत नाही.

जिंकला असाल तर त्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी हा कर लागतो, आणि दुसऱ्या डावातलं नुकसान त्यातून वजा करता येत नाही. कॅसिनोने कर कापला असेल तर त्याचा कागद घ्या, विवरणपत्र भरताना लागतो.

हरला असाल तर झोपा. दुसऱ्या रात्री "वसुलीला" जायचं नाही. कुणी आग्रह धरला तर त्याच्यासोबत बसा, पण बोटीत बसू नका. घरी आल्यावरही त्याच्या डोक्यातून विषय जात नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

## टप्पा ८ : परतीचा रस्ता आणि हिशेब

काजू, बेबिंका, सुके बांगडे, आमसुलं हे म्हापशाच्या बाजारातून घ्या. मोठा बाजार शुक्रवारी असतो, त्यामुळे बुधवार-शनिवारचा बेत इथेही उपयोगी पडतो. दारू नेणार असाल तर परवाना घ्या. "दोन बाटल्यांना कोण विचारतं" म्हणणारे बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडून उभे असतात.

सामाईक थैलीचा हिशेब घरी पोचल्यावर नको, गाडीतच करा. सगळ्यांच्या देखत, पावत्या समोर ठेवून. खेळण्याच्या थैलीबद्दल त्या हिशेबात कुणी काही विचारत नाही, जिंकलेल्यालाही नाही. फक्त जिंकलेल्याने सावंतवाडीला सगळ्यांना चहा-भजी द्यायची, एवढी आमच्यात पद्धत आहे. गेल्या तीन सहलींत हे बिल सामाईक थैलीतूनच गेलं.